भिशी मोडून बचत गट करायचा का? (डिचोली, पंधरा बायका, दोन हजार हप्ता)

शिवणकाम_डिचोली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

डिचोलीच्या बाजाराजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, जून आला की शाळेचे गणवेश. दुकानाच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या दहा तारखेला आमची भिशी भरते. पंधरा बायका, दोन हजार हप्ता, तीस हजारांची भिशी. दहा तारीख अशासाठी की कारखान्यात जाणाऱ्यांचा पगार तोवर जमा झालेला असतो आणि बाजारात बसणाऱ्यांना मध्ये निदान एक बुधवार मिळतो. पहिला नंबर चालवणारीचा, म्हणजे माझा, हा रिवाज. बाकीच्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. नंबर लागला की तिची चिठ्ठी फाडून टाकायची, हप्ता मात्र शेवटपर्यंत चुकवायचा नाही.

पैसे कसे येतात ते बघण्यासारखं असतं. एक नुस्तेवाली, म्हणजे मासे विकणारी, आहे, तिचे दोन हजार दहा-वीसच्या नोटांत, रबर लावून आणलेले, नोटांना बांगड्याचा वास आणि एखादीला खवलं चिकटलेलं. ती मोजून आणते तरी आमच्या शिक्षिका बाई परत मोजतात. तिला त्याचा राग येत नाही. उलट कोणी न मोजता घेतले तर तीच म्हणते, "मोज गो बाय, मागीर म्हाका नाका." फार्मा कारखान्यातल्या दोघी मोबाईल पुढे धरून क्यूआर मागतात. मी देत नाही. सगळ्यांसमोर चटईवर नोटा पडल्या पाहिजेत, हे माझं म्हणणं. अर्ध्या तासात मोजणी, चिठ्ठी, चहा, आणि जिचा नंबर तिने पैसे पदरात बांधून निघायचं.

आता कोणी म्हणेल, गोव्यात बँकांना काय तोटा? खरं आहे. आमच्या बाजारातच हाकेच्या अंतरावर चार-पाच शाखा आहेत. पंधराच्या पंधरा जणींची खाती आहेत. बऱ्याच जणींना सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार खात्यातच येतात. पण खातं उघडताना मोबाईल नंबर दिला तो नवऱ्याचा. पैसे जमा झाले की टुण्‌कन मेसेज त्याच्या खिशात वाजतो, आणि संध्याकाळी "तुझे आले ना, जरा दे" सुरू होतं. पासबुक कपाटात असतं, कपाटाची किल्ली सासूकडे. भिशीचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येत नाही. आणि दुसरं म्हणजे आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा हप्त्याची ठेव, मोडता येते. आमच्यातल्या एकीने हौसेने काढली, जुलैत मुलाची फी आली, गेली शाखेत, सही केली, मोडली. भिशी मोडायची तर चौदा जणींच्या तोंडाकडे बघून मोडावी लागते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, रंग, माहेरवाशिणी, मुंबईहून येणारे पाहुणे. त्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिने गरजवंतीला नंबर बदलून द्यायचा, असा आमचा अलिखित कायदा आहे, आणि आजवर कोणी त्याचे पैसे मागितलेले नाहीत. एकीच्या नवऱ्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ॲडमिट केलं तेव्हा तर चिठ्ठी काढलीच नाही, सरळ तिच्या हातात दिले.

मग बिनसलंय कुठे?

एकीचा मुलगा बँकेत आहे. तो म्हणाला की भिशी बेकायदेशीर, उद्या कोणी तक्रार केली तर चालवणारी आत जाईल. आई घाबरली, तिने ते सगळ्यांच्या कानावर घातलं. फार्मावाल्या दोघींना वाटतं दोन हजारांत काही होत नाही, हप्ता पाच हजार करू आणि लिलाव करू, त्यांच्या कारखान्यात तशी चालते. आणि तिसरी गोष्ट, जिने मला खरी झोप लागत नाही: कोविडच्या वर्षानंतर आम्ही हप्त्यावर दोनशे रुपये जास्त काढायला लागलो. औषधपाण्याला. ज्या बाईला लागतील तिने घ्यायचे, शेकडा एकने परत करायचे. महिन्याला तीन हजार जमतात, काही बाहेर असतात, तरी शिल्लक आता साठ हजारांच्या वर गेली. हे पैसे कुठे? माझ्या स्वतःच्या बचत खात्यात. हिशेब वहीत चोख आहे. पण मी उद्या स्कूटरवरून पडले तर ती वही कोण बघणार?

तर जाणकारांनी सांगावं. भिशी बंद करून सरकारी बचत गट करावा? का बँकेत प्रत्येकीची आरडी? का आहे तसं चालू दे?

निवृत्त_कॅशियर_फोंडा

ताई, तुमच्या खोलीत एक नाही, दोन व्यवहार चालतात. तुम्ही त्यांना एकाच वहीत बांधलंय म्हणून डोकं दुखतंय.

पहिला व्यवहार तीस हजारांचा. तो साडेचारला आला आणि पाचला गेला. रात्री कोणाच्याच घरात राहत नाही. ज्या पैशाला मुक्कामच नाही त्याला तिजोरी कशाला हवी? अशा भिशीला बँकेची गरज नाही, हे मी तीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढूनही म्हणतो. दुसरा व्यवहार त्या दोनशे रुपयांचा. तो साठतो, मुक्काम करतो, आणि तोही एका बाईच्या नावावर. त्याला बँक हवीच, आजच्या आज.

कायद्याचं ऐका. केंद्राचा चिट फंड कायदा १९८२ चा. त्यात चिटची व्याख्या दिली आहे आणि खाली स्पष्टीकरणही: सगळ्या सभासदांना पाळीपाळीने रक्कम मिळते आणि रक्कम उचलल्यावरही पुढचे हप्ते भरायची जबाबदारी राहते, असा व्यवहार 'चिट' धरायचा नाही. म्हणजे तुमची सरळ भिशी. त्या मुलाला सांगा, पहिली दोन पानं वाच. लिलावाची गोष्ट मात्र वेगळी. बोली लावून रक्कम कमी करून उचलायची, वरची सूट बाकीच्यांत वाटायची, चालवणाऱ्याने कमिशन घ्यायचं, हा त्या कायद्यातला चिट. त्याला राज्य सरकारची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, चिटच्या रकमेइतकी सुरक्षा ठेव लागते, कमिशनची कमाल मर्यादाही कायद्यात आहे: पूर्वी ५ टक्के होती, २०१९ च्या दुरुस्तीने ७ केली. तुम्ही शिवणयंत्र सांभाळणार की हे? आणि सभासद नसलेल्या कोणाकडून "ठेव" म्हणून एक रुपयाही घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा फार कडक आहे.

आता हिशेब, कारण तुमच्या शिक्षिका बाई विचारतीलच. शेवटचा नंबर जिचा ती पंधरा महिने दुसऱ्यांना वापरायला पैसे देते. तेच दोन हजार तिने आरडीत घातले असते आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर तिला साधारण अकराशे-बाराशे जास्त मिळाले असते. एवढा तिचा तोटा. पहिल्या नंबरवालीचा फायदा बघा. तेच तीस हजार तिने खाजगी सावकाराकडून शेकडा तीनने आणले असते आणि महिन्याला दोन हजार फेडले असते, तर व्याजच ६,३०० रुपये गेलं असतं. बँकेचं वैयक्तिक कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी धरलं तरी २,१००, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि हेलपाटे. म्हणजे शेवटची बाई अकराशे सोडते आणि पहिलीचे सहा हजार वाचतात. पुढच्या फेरीत नंबर उलटे लावलेत तर तोही हिशेब फिटतो. हे पैसे बुडीत नाहीत, एकमेकींना दिलेलं व्याज आहे, फक्त ते कोणी लिहीत नाही.

दोनशेच्या फंडाचं सांगतो. तुमचा बचत गट झालेलाच आहे, बारसं तेवढं राहिलंय. दर महिन्याला बैठक, बचत, आतल्या आत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाची वही. बचत गटाची पंचसूत्री म्हणतात ती हीच. दहा ते वीस सभासद लागतात, तुम्ही पंधरा आहात. एका कुटुंबातली एकच बाई घ्यावी हा संकेत पाळा. गटाच्या नावाने बचत खातं उघडा. त्यासाठी पंधराही जणींची कागदपत्रं तपासावी लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात, रिझर्व्ह बँकेनेच तशी सवलत दिलेली आहे. एखाद्या शाखेतला नवा मुलगा "सगळ्यांची आणा" म्हणाला तर शांतपणे व्यवस्थापकाकडे जायचं.

नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ साली ५०० गटांवर हा प्रयोग सुरू केला तेव्हा बँकांतले भले भले हसले होते. अंगठेबहाद्दर बायकांना तारणाशिवाय कर्ज? आज तोच कार्यक्रम देशभर चालतो. सहा महिने गट नीट चालला की बँक कर्जाला पात्र होतो. पण कर्ज मिळतं म्हणून घ्यायचं नसतं. गटाचं कर्ज म्हणजे एकीने थकवलं तर पंधराजणींचं नाव खराब, हे पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगा.

आणखी एक. बँकांना दारोदार पैसे गोळा करायची अक्कल नव्हती असं नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली, रोज दोन आणे, एजंट दारात येऊन घेऊन जायचा. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आपल्या बाजारांत अजून आहे. गल्ल्यातले पैसे संध्याकाळच्या आत गल्ल्यातून उचलले पाहिजेत, नाहीतर ते घरी पोचत नाहीत, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तुमच्या नुस्तेवालीला ते शाळेत न जाता कळलंय.

पर्वरी_कोडर

काकू, राग मानू नका, पण २०१४ मध्ये जनधन आलं, आता यूपीआय आहे, आरडीला ऑटो डेबिट लावता येतं. पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून पाच वर्षांची आरडी मिळते. चटईवर नोटा मोजायच्या कशाला? भिशीत व्याज शून्य, त्यात महागाई वजा करा. सेंटिमेंट बाजूला ठेवून बघितलं तर हा तोट्याचा धंदा आहे.

शिवणकाम_डिचोली

कॅशियर साहेब, देव बरें करूं. वहीत उतरवून घेतलं. ६,३०० चा आकडा मी दोनदा जुळवून बघितला, बरोबर आला.

पर्वरीच्या बाळा, राग कसला. पण तुझा पगार एक तारखेला एकरकमी येतो ना? ऑटो डेबिट तुझ्या पगारासाठी बनवलंय. नुस्तेवालीचा पगार रोज येतो, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जवळजवळ येतच नाही. पाच तारखेला मशीन तिच्या खात्यात हात घालणार, खात्यात चारशे रुपये असणार, आणि बँक वर दंड लावणार. आमच्याकडे ती आदल्या दिवशी येऊन सांगते, "ह्या म्हयन्यांत हजारूच आसा." मग कोणीतरी तिचे हजार घालतं आणि पुढच्या महिन्यात ती ते देते. हे ऑटो डेबिटला सांगता येईल का?

पोस्टाच्या आरडीला मी नावं ठेवत नाही, माझ्या मुलीच्या नावाने आहे. पण ती तीन वर्षांच्या आधी मोडता येत नाही, एक वर्ष झाल्यावर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं. नवऱ्याला बांबोळीला नेलेल्या बाईला वर्षभर थांब म्हणून कसं सांगायचं?

टिपर_होंडा

ताई, लिलावाच्या भानगडीत पडू नका. मी सत्तरी तालुक्यातला, खाणीवर दोन टिपर (खनिज वाहणारे ट्रक) होते माझे. आमची भिशी वीस जणांची, दहा हजार हप्ता, दोन लाखांची. सगळे टिपरवाले, नाहीतर गॅरेजवाले, टायरवाले. लिलाव. २०११ मध्ये एवढा पैसा फिरत होता की बोली चाळीस हजारांवर जायची. म्हणजे माणूस दोन लाखांऐवजी एक लाख साठ उचलायचा, वरचे चाळीस वीस जणांत वाटले की प्रत्येकाला दोन हजार सूट. ज्याला घाई नाही त्याची चैन. घाई कोणाला? ज्याचा बँकेचा हप्ता थकलाय त्याला. हे आम्हाला तेव्हा दिसत होतं, पण बोलून कोण वाईट होणार.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. एका महिन्यात विसाच्या वीस जणांची मिळकत शून्य. नऊ जणांनी उचलले होते, अकरा जणांचे राहिले होते. ज्यांनी उचलले त्यांनी टिपरच्या हप्त्यात घातले होते, आणि टिपर घरासमोर उभा, चाकाखाली गवत. तुमच्या भिशीत एकीला अडचण आली तर चौदा जणी आहेत. आमच्यात सगळ्यांना एकाच दिवशी अडचण आली. अशा वेळी भिशी म्हणजे कागदावरची नावं.

बँकेने काय केलं तर नोटिसा पाठवल्या. पण बँकेशी बोलता तरी येत होतं, मुदत वाढवून मागता येत होती, कागद होता. भिशीवाल्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्याशी. कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नाही, हे भिशीवरून ठरायला लागलं. शेवटी देवळात बसून ठरवलं की सूट-बिट सगळं रद्द, ज्याने जेवढे रोख भरले तेवढे त्याला परत, उचललेल्यांनी महिना दोन-दोन हजारांनी द्यायचे. काहींनी दिले, काहींचे २०१५ ला खाणी परत सुरू झाल्यावर आले. मार्च २०१८ ला पुन्हा बंद झालं तेव्हा भिशीच नव्हती, तेवढंच बरं.

तुमच्यात नुस्तेवाली आहे, शिक्षिका आहे, कारखान्यातल्या आहेत, तुम्ही शिवणवाल्या. हे जपा. सगळ्या फार्मावाल्या घेऊन पाच हजारांची केलीत आणि कारखान्याने कंत्राट बदललं तर आमचीच गत.

म्हापसेकर_जुना

टिपरवाल्या पात्रांवने बँकेशी बोलता येतं म्हटलं म्हणून लिहितो. बँकेतले पैसे म्हणजे देव्हाऱ्यातले पैसे असं समजू नये. माझ्या आजीने पाटल्या पोर्तुगीज काळात बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुमध्ये तारण ठेवल्या होत्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण लोकांचे तारण दागिने त्याआधीच लिस्बनला नेलेले. ते परत आले १९९१ मध्ये, स्टेट बँकेमार्फत. तीस वर्षं! आजी तोवर गेली होती. पावती मात्र वडिलांनी तांदळाच्या डब्यात ठेवली होती, म्हणून पाटल्या मिळाल्या.

अलीकडचं सांगायचं तर गोव्यातल्याच दोन अर्बन सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने २०२० आणि २०२१ मध्ये रद्द केले. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत देतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. पतसंस्थेला मात्र हा विमा अजिबात नाही, हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं, कारण पतसंस्थेच्या पाटीवर अक्षरं बँकेसारखीच असतात. गटाचं खातं उघडाल तिथे आधी हे विचारा. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत जाऊ नका.

दर्यावर्दी_काणकोण

मी क्रूझवर आहे, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. इथे फिलिपिनो लोक हीच भिशी चालवतात, त्यांच्याकडे तिला पालुवागान म्हणतात. मीही आहे त्यात, डॉलरमध्ये. त्यांचा एक नियम आपल्याकडे घेण्यासारखा: ज्याचं कंत्राट सगळ्यात आधी संपतं, त्याच्या उतरायच्या तारखेच्या आत भिशी पूर्ण झाली पाहिजे. मॅनिलाला उतरलेल्या माणसाच्या मागे हप्त्यासाठी कोण जाणार? आणि तेवढ्या मुदतीत बसत नसेल तर त्याला शेवटचा नंबर. चिडायचं नाही, तो नियमच.

मेक्सिकोचे याला तांदा म्हणतात, दक्षिण आफ्रिकेचा एक जण स्टोकवेल म्हणायचा. तिकडे म्हणे बँकाच स्टोकवेलसाठी वेगळं खातं देतात, पूर्ण टोळीच्या नावाने. नेट कट होतंय, येवढंच.

शिवणकाम_डिचोली

मंडळी, कालच्या दहा तारखेला तुमची सगळी उत्तरं खोलीत मोठ्याने वाचून दाखवली. टिपरवाल्या भावाचं वाचताना दोघींना रडायला आलं, कारण त्यांच्याही घरासमोर २०१२ ला टिपर उभा होता.

ठरलं ते असं. सरळ भिशी चालू राहील, दोन हजारच. लिलाव नाही. फार्मावाल्या दोघी थोड्या हिरमुसल्या, पण त्यांची नोकरी कंत्राटावर आहे आणि कंत्राट मार्चमध्ये नव्याने होतं, हे दर्यावर्दी भावाच्या उत्तरामुळे आमच्या पहिल्यांदा लक्षात आलं. पुढच्या फेरीत त्यांचे नंबर मार्चनंतरचे. त्यांनी स्वतःच कबूल केलं, एकीने तर म्हटलं की तेवढे पैसे तोवर कोणाकडे तरी राहतात हेच बरं, माझ्याकडे राहिले तर मोबाईल येतो. या फेरीत ज्या शेवटी होत्या त्यांना पुढच्या फेरीत आधीचे नंबर, म्हणजे कॅशियर साहेबांचे अकराशे फिटतील. चिठ्ठीचा डबा आता फक्त मधल्या नंबरांसाठी.

दोनशेच्या फंडाचा गट करायचा. नावावरून अर्धा तास गेला. शांतादुर्गा सगळ्यांना हवी, पण त्या नावाचे गट पावलोपावली आहेत, शेवटी वेगळं ठरलं. खातं राष्ट्रीयीकृत बँकेत. बँकेतल्या मुलाच्या आईनेच म्हटलं, माझ्या मुलाच्या शाखेत नको, उगाच त्याला वाटेल आपण सांगितलं म्हणून झालं.

अडलंय एका ठिकाणी. सह्या कोणाच्या? मला अध्यक्ष करताहेत, शिक्षिका बाईंना सचिव. पण बाई शाळेत असतात, बँक उघडी तेव्हा त्या वर्गात. तिसरी कोण असावी, आणि मी एकटी काढू शकेन अशी सोय ठेवावी का? अडीनडीला बरं पडेल असं बऱ्याच जणी म्हणतात.

निवृत्त_कॅशियर_फोंडा

एकटीची सही? अजिबात नको, अडीनडीलाही नको. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तुम्ही स्कूटरवरून पडाल म्हणून. तुम्हीच लिहिलंत ना.

तीन जणींच्या सह्यांचे नमुने द्या आणि ठरावात "तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार" असं स्पष्ट लिहा. तिसरी अशी निवडा जिला सकाळी अकराला बँकेत जाता येईल. नुस्तेवालीचं दुपारपर्यंत विकून होत असेल तर ती नको, अंगणवाडीवाली कोणी असेल तर तिचीही वेळ बघा. घरी असणारी एखादी घ्या, अक्षर कसंही असो, सही दर वेळी सारखी आली की झालं. तिघी एका घरातल्या किंवा नात्यातल्या नकोत.

ठराव मराठीत चालतो. गटाचं नाव, बैठकीची तारीख, हजर सभासदांच्या सह्या-अंगठे, पदाधिकारी कोण, खातं कोणत्या शाखेत, व्यवहार कोणाच्या सहीने, एवढं एका पानात बसतं. रबरी शिक्का बनवून घ्या, फोटो आणि आधारच्या प्रती प्रत्येकी दोन न्या. खातं उघडलं की तुमच्या स्वतःच्या खात्यातली फंडाची रक्कम एकाच धनादेशाने गटाच्या खात्यात टाका, रोख काढून भरू नका. म्हणजे तुमच्या पासबुकातही दिसेल की पैसे कुठे गेले. बाहेर दिलेल्या कर्जांची यादी त्याच दिवशी नव्या वहीत उतरवा आणि जिच्याकडे बाकी आहे तिची समोर सही घ्या.

पासबुक सही नसलेल्या बाईकडे ठेवा. दर महिन्याला नऊ तारखेला ते छापून आणायचं काम तिचं.